सफरचंदांचा जमाखर्च

पैसे घेऊन काम करणारा आणि पैसे देऊन काम करवून घेणारा, अशा मनुष्याच्या दोनच जाती मामलेदार कचेरीत उभी हयात कारकुनी करताना माझ्या दृष्टीस पडल्या होत्या. पैसे देऊन स्वतःच राबणारा आणि वर यजमानाचे आभार मानणारा असा तिसराही एक मानववंश या भूतलावर सुखाने नांदत आहे, हा शोध मला सेवानिवृत्तीनंतर, चिरंजीवांच्या आग्रहास्तव, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्स नामक, उच्चारताना कवळी सांभाळावी लागणाऱ्या संस्थानात मुक्कामास गेलो असता लागला.

ऑक्टोबर उजाडला की त्या मुलखातील वृक्षांची पाने लाल, पिवळी, तांबूस होतात. ती पाहण्यासाठी सहकुटुंब मोटारी निघतात, आणि पाने पाहून पोट भरत नाही हे ध्यानात आले की त्या सगळ्या मोटारी सफरचंदांच्या बागेकडे वळतात. बागेच्या दारात एक तरुण कन्या टेबल मांडून बसलेली असते. ती तुमच्याकडून चाळीसेक डॉलर वसूल करते, हाती एक रिकामी पिशवी देते आणि ‘आता फळे तोडा’ असे हसतमुखाने फर्मावते. झाड त्यांचे, फळ त्यांचे, शिडी त्यांची. कंबर तेवढी आपली. आमच्या कोकणात आंब्याच्या हंगामात झाडावर चढणाऱ्या गड्याला मालक मजुरी देतो, वर जेवण घालतो आणि जाताना पाडाचे चार आंबे बांधून देतो. तो गडी उद्या मालकाच्या हातावर नोट ठेवून ‘आज मला झाडावर चढू द्या’ असे विनवू लागला, तर मालक प्रथम त्याला सावलीत बसवून पाणी पाजील आणि मग वैद्याकडे माणूस धाडील.

“हे लोक आपल्याला पैसे कधी देणार?” मी चिरंजीवांस विचारले.

“बाबा, पैसे आपणच दिलेत की!”

“ते पिशवीचे. तोडणावळीचं काय?”

“तोडायला मिळतंय, त्याचेच आहेत ते.”

या उत्तरातील तर्कशास्त्र भेदण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी नसल्याने मी निमूटपणे शिडीला हात घातला. नातू खाली उभा राहून “आजोबा, ते नाही, त्याच्या वरचं!” असा हुकूम सोडीत होता. सरकारी नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ छळले. परंतु झाडावर कोणी चढविले नव्हते.

पिशवी अर्ध्या बुशेलची होती. बुशेल म्हणजे किती, या माझ्या पृच्छेस चिरंजीवांनी ‘चार पेक’ असे तत्काळ उत्तर दिले, आणि पेक म्हणजे किती, यास ‘बुशेलचा चौथा हिस्सा’ असे त्याहूनही तत्काळ दिले. आमच्या सरकारने 1956 साली कायदा करून शेर, पायली आणि मण यांना सक्तीची निवृत्ती दिली, माझी आजी मरेपर्यंत त्या कायद्यावर नाराज होती. आणि चंद्रावर माणूस धाडणारे हे राष्ट्र अद्याप बुशेलांनी सफरचंदे मोजीत आहे, हे पाहण्यास ती माऊली असती तर तिने तिथल्या तिथे अमेरिकेचे नागरिकत्व मागितले असते. अर्धा बुशेल साधारण नऊ-साडेनऊ किलो भरतो. तो झाडापासून मोटारीपर्यंत कोणी वाहून न्यायचा, या प्रश्नावर घरात दुमत झाले नाही.

बागेत प्रत्येक रांगेच्या तोंडाशी फळाच्या घराण्याची पाटी लावलेली होती. मॅकिंटॉश हे फळ कॅनडातील एका शेतकऱ्याला 1811 साली रान तोडताना सापडले. रॉक्सबरी रसेट हे खरखरीत, मातकट सालीचे फळ सतराव्या शतकापासून बोस्टनजवळचे रहिवासी. हनीक्रिस्पला मात्र मिनेसोटा विद्यापीठाने 1991 साली बाजारात आणले, म्हणजे ते आमच्या चिरंजीवांहूनही धाकटे. मी या वंशावळी मोठ्याने वाचून दाखवीत असता आमच्या कुटुंबाने एकच प्रश्न केला: “यांतलं आंबट कुठलं आणि गोड कुठलं, तेवढं सांगा.” पुढे समजले की सायडर करणाऱ्या जाणत्या माणसाचा पहिला प्रश्नही हाच असतो, एकाच जातीच्या फळांचा रस सपक होतो, आंबट, गोड आणि किंचित तुरट यांचा मेळ घालावा लागतो. हे ज्ञान तिला कोणी दिले, हे विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

चिरंजीवांना मात्र इतिहासाचा उमाळा आला होता. याच संस्थानातील लेमिन्स्टर गावी 1774 साली जन्मलेला जॉन चॅपमन नावाचा एक अवलिया पश्चिमेकडे ओहायो, इंडियाना या प्रांतांत गेला आणि त्याने सफरचंदांच्या बियांपासून ठिकठिकाणी रोपवाटिका उठविल्या. आता सफरचंदाचा धर्म असा की बी पेरून आलेले झाड आईच्या गुणांवर जाईलच अशी हमी नसते. गोड फळाच्या बीपासून बहुधा आंबटढाण फळ निपजते, म्हणून चांगल्या जातीचे कलमच करावे लागते. चॅपमन कलमांच्या विरुद्ध होता. सबब त्याच्या झाडांची फळे मुख्यतः घाण्यात जात आणि त्यांचा रस पिंपांत भरला जाई.

“म्हणजे खाता येईनात, म्हणून प्यायले,” आमच्या कुटुंबाने निकाल दिला. अमेरिकेच्या इतिहासाचा एवढा आटोपशीर सारांश मी अन्यत्र वाचलेला नाही.

मी माघार घेणारा नव्हतो. या देशाचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स रोज सकाळी न चुकता पेलाभर सायडर घेत आणि नव्वद वर्षे जगले, हा दाखला मी तिच्यापुढे ठेवला.

“त्यात दारू होती ना?”

“त्या काळी आंबवलेलाच असायचा.”

“मग तुम्ही चहाच घ्या. नव्वदीचं पुढे बघू.”

आजकाल त्या भागात शरद ऋतूत जो सायडर विकतात तो निर्व्यसनी असतो. सफरचंदे सालीबियांसकट चिरडून, दाबून काढलेला, न गाळलेला ताजा रस. हवा लागताच तो चिरलेल्या फळासारखाच तपकिरी होतो. बागेच्या दुकानात तो गॅलनच्या डब्यांतून मांडून ठेवला होता, पलीकडे यंत्र घरघरत होते, किंमत नऊ डॉलर. ‘हाच एक डबा घेऊन घरी जावे’ ही सूचना मी मांडताच तिघांनीही माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी मी लाच घेताना पकडलेल्या तलाठ्याकडे पाहणाऱ्या प्रांतसाहेबांच्या ठायी एकदाच पाहिली होती.

“बाबा, घरी करण्यात मजा आहे!”

मजा या कलमाखाली मनुष्यप्राणी काय काय सोसतो, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही. ज्या गृहस्थाला घरात पाण्याचा ग्लास जागेवर लागतो, तोच गृहस्थ सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून ओढ्याचे पाणी ओंजळीने पितो आणि ‘याची सर नाही’ म्हणतो. आमच्या चिरंजीवांनी भारतात असताना स्वतः कधी लिंबू पिळले नव्हते.

स्वयंपाकघराचा ताबा सूनबाईंनी घेतला. त्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यामुळे त्यांच्या चहालाही कार्यपद्धती असते. त्यांनी आल्याआल्याच आम्हा सर्वांना समज दिली की न तापविलेल्या सफरचंद-रसातून 1996 साली अमेरिकेत जंतुबाधेची साथ झाली होती, तेव्हा 1998 पासून असा रस डब्यात भरून विकताना त्यावर धोक्याची सूचना छापावी लागते. सबब आपल्या पातेल्याचे तापमान 71 अंशांच्या वर गेलेच पाहिजे. त्यासाठी नवा तापमापक आणला गेला. तापमापक बुडेल एवढे पातेले घरात नसल्याने नवे पातेलेही आणले गेले. पातेले इतके प्रशस्त निघाले की त्याला चुलीच्या दोन शेगड्या लागल्या आणि चिरंजीवांच्या कॉफीला जागा उरली नाही.

घरात घाणा नव्हता, तेव्हा फळांच्या फोडी पाण्यात शिजवून, ठेचून, गाळून रस काढण्याचे ठरले. ही रीत पुष्कळ अमेरिकन गृहिणींची आहे. तीत मतभेदाला जागा नसावी असे वाटेल, पण चिरंजीवांजवळ एक कृती होती, सूनबाईंजवळ दुसरी, आणि नातवाच्या शाळेतून आलेली तिसरी; पहिलीत दोन तास मंद आच, दुसरीत तीन तास, तिसरीत रात्रभर. माझी नेमणूक फोडी करून बिया काढण्यावर झाली. ऑफिसात मी फायलींतून त्रुटी काढीत असे. बिया काढणे त्यामानाने सोपे, फक्त बी परत उत्तर देत नाही.

खरा संघर्ष मसाल्यावरून पेटला. आमच्या कुटुंबाने दापोलीहून दालचिनी, लवंगा आणि जायफळे आणली होती, आणि त्यांचा प्रवासही सोपा झाला नव्हता. विमानतळावर सरकारी अंगरखा घातलेले एक बीगल जातीचे कुत्रे प्रवाशांच्या सामानातून फिरत होते. ते आमच्या बॅगेजवळ आले आणि शांतपणे खाली बसले. कुत्रे बसले म्हणजे बॅग उघडायची, असा तेथील रिवाज. अधिकाऱ्याने वाळलेला मसाला वास घेऊन परत दिला, कढीलिंब मात्र जप्त केला. आणि तो मुद्देमाल पंचांसमक्ष कचऱ्यात जाताना पाहून कुटुंबाच्या डोळ्यांत जे पाणी आले, ते माझ्या बदल्यांच्या वेळी आले नव्हते. अशा दिव्यातून तरलेली दालचिनी ती कोणाच्या हाती सुखासुखी देणार?

“आई, तीन कांड्या लिहिल्यात,” सूनबाई म्हणाल्या.

“त्या इथल्या जाड सालीच्या कांड्या गं. आपली दालचिनी कागदासारखी पातळ. सहा घाल.”

“आणि लवंगा आठ.”

“आठ? एवढ्या मोठ्या पातेल्याला? अगं, आठ लवंगा तर मी पानात घालते!”

सूनबाईंचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या. परत येईपर्यंत लवंगांचे काय झाले हे केवळ कुटुंबालाच ठाऊक; पातेल्याजवळ मी होतो, पण शासकीय सेवेत मी साक्षीदार कधी झालो नाही, तो नियम येथेही पाळला. त्यावर तिने अर्धे जायफळ उगाळून घातले. घरभर जो दरवळ सुटला तो वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. दिवाळीची साखरभात-संध्याकाळ आणि घसा बसल्यावरचा काढा यांचे ते लग्न होते.

पहिला पेला शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे नमुन्यादाखल पाठविण्यात आला. ते गृहस्थ एक घोट घेऊन थबकले, दुसरा घेऊन गालाला हात लावून उभे राहिले. आम्ही घाबरलो. थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की गेला आठवडाभर त्यांची दाढ ठणकत होती, ती आता अजिबात जाणवत नाही. जीभही जाणवत नाही. लवंगेच्या तेलात दुखरा भाग बधिर करण्याचा गुण असतो आणि दंतवैद्य तो फार दिवसांपासून वापरीत आले आहेत, हे सूनबाईंनी त्यांना शास्त्रोक्त समजावून दिले. मग सासूबाईंकडे वळून त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणे आम्हा सर्वांना स्पष्ट ऐकू आले. शेजारी मात्र दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी घेऊन दारात हजर होते.

यानंतर गाळण्याचा विधी. दुकानातून आणलेले गाळणीचे कापड इतके विरळ निघाले की त्यातून फोडीही सुखाने गेल्या असत्या. तेव्हा कुटुंबाने आपल्या बॅगेच्या तळातून चक्का बांधण्याचे फडके काढले. हे फडके म्हणजे आमच्या घरची मिळकत: तिच्या सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे, धुऊन धुऊन सायीहून मऊ झालेले, कडेला हाताने घातलेली निळ्या दोऱ्याची शिवण, आणि एका कोपऱ्यात केशराचा एक डाग, जो कोणत्या पाडव्याच्या श्रीखंडाचा आहे यावर अद्याप एकमत नाही. त्यात वाफाळता लगदा ओतला गेला. एक टोक चिरंजीवांनी धरले, दुसरे मी, आणि आम्ही विरुद्ध दिशांना पीळ देऊ लागलो. तपकिरी रसाची धार पातेल्यात पडू लागली. नातवाने टाळ्या वाजविल्या. उत्साहाच्या भरात चिरंजीवांनी आणखी एक पीळ दिला, आणि गाठ सुटली.

लगदा कोठे कोठे गेला याचा तपशील पुढील दोन दिवस मिळत राहिला. काही भाग फ्रिजच्या पांढऱ्या दारावर, काही दिव्याच्या झुंबरात, एक लवंग माझ्या चष्म्याच्या काचेवर. जळत्या शेगडीवर पडलेल्या भागाने धूर धरला, आणि त्याबरोबर छतावरील धूरसूचक यंत्राने असा काही टाहो फोडला की मी लहानपणी ऐकलेला गिरणीचा भोंगा मला मंजुळ वाटू लागला. चिरंजीव खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालू लागले, सूनबाईंनी खिडक्या उघडल्या, नातवाने कानांत बोटे घालून नाच केला. कुटुंब तेवढे शांत होते. फडके नळाखाली धरून ती म्हणाली, “आता पाडव्याच्या श्रीखंडाला लवंगेचा वास येणार.”

मध्येच नवरात्राचा पेच उभा राहिला. कुटुंबाचा नऊ दिवसांचा उपास, आणि सफरचंद तर फळ; मग संत्री आणि ब्राऊन शुगरही पडलेले हे पेय उपासाला चालते की नाही? फोनवरून पुण्याच्या विहीणबाईंची मसलत घेण्यात आली. विहीणबाईंनी कलमवार निवाडा दिला: सफरचंद चालते, संत्रे चालते, लवंग चालते, दालचिनी त्यांच्या माहेरी चालते, सासरी नाही, ब्राऊन शुगरला साखर मानावे की गूळ, हा मुद्दा त्यांनी पुढील तारखेवर तहकूब केला. शेवटी काही का असेना, कुटुंबाने एक वाटी घेतली. दुसऱ्या वाटीस कोणाचीच परवानगी लागली नाही.

यथावकाश कोजागिरी आली. गावच्या मराठी मंडळाने शाळेचे सभागृह भाड्याने घेतले होते, मसाला दुधाचे मोठे पातेले चढले होते, आणि चिरंजीवांनी ‘घरचा सायडर आणतो’ असे मंडळाच्या अध्यक्षांस शब्द दिला होता. शब्द देताना घरात सायडर किती उरला आहे याची त्यांनी चौकशी केली नव्हती. शेजाऱ्यांची दाढ, माझे संध्याकाळचे पेले आणि कुटुंबाच्या वाट्या वजा जाता तो जेमतेम तांब्याभर होता. तरी कार्यक्रमाच्या दिवशी दोन मोठे थर्मास काठोकाठ भरलेले दिसले. त्याच रात्री कचरा बाहेर ठेवण्याचे माझे नित्यकर्म करीत असता, रद्दीच्या पेटीत वर्तमानपत्रांखाली, मला बागेच्या दुकानातील गॅलनचे दोन रिकामे डबे आढळले. मी त्यांवर पुन्हा वर्तमानपत्रे सारखी केली. अव्वल कारकुनाला कोणती फाईल वर काढायची आणि कोणती तळाशी ठेवायची हे कळले पाहिजे.

सभागृहात मात्र त्या सायडरची वाहवा झाली. “विकतच्याला ही चव नाही हो,” असे एक काकू म्हणाल्या. “लगेच कळतं,” असे दुसरे गृहस्थ म्हणाले. आणि चिरंजीवांनी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात कोणा उत्साही स्वयंसेवकाने दुसरा थर्मास उघडला, रंग केशरी-तपकिरी, वास जायफळाचा, तेव्हा हा दुधात घालायचा आटवलेला मसालाच असला पाहिजे, असा तर्क करून तो मसाला दुधाच्या पातेल्यात रिता केला. सफरचंदाचा रस आंबट असतो आणि दूध तापलेले होते. चंद्र उगवण्याच्या सुमारास पातेल्यात पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे झाला.

पंचनामा झाला, जबाब घेतले गेले, थर्मास कोणी उघडला हे कोणालाच आठवेना. अध्यक्ष दुधाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा याची चिंता करीत असताना, कुटुंबाने पदर खोचला, पिशवीतून तेच फडके काढले, फाटलेले दूध त्यात बांधून पिळले, साखर घालून शेगडीवर आटविले, आणि वर चारोळी भुरभुरून ताटात थापले. केशर, जायफळ आणि दालचिनीचा असा कलाकंद मंडळाने पूर्वी खाल्ला नव्हता. पुढल्या कोजागिरीलाही हाच करावा, असा ठराव तेथल्या तेथे मंजूर झाला. कृती विचारणाऱ्यांना कुटुंबाने सांगितले, “सोपी आहे. आधी सफरचंदाच्या बागेत जायचं.”

परतण्यापूर्वी मी वहीत हिशेब मांडला. खर्चाच्या बाजूस फळे, संत्री, साखर, पातेले, तापमापक, पेट्रोल, दोन तयार डबे आणि नवीन वर्तमानपत्रे मिळून सुमारे 180 डॉलर. जमेच्या बाजूस घरी काढलेला सायडर दोन गॅलनांहून थोडा कमीच, बाजारभावाने सतराएक डॉलर. वही पाहून चिरंजीव म्हणाले, “बाबा, मजा धरलीच नाहीत जमेला!” तेव्हा मी एक ओळ वाढविली: ‘मजा, रक्कम मोघम.’ हिशेबतपासनिसाने हरकत घेतल्यास मी खुलासा देण्यास तयार आहे.

वाचकांपैकी कोणास शरद ऋतूत त्या मुलखात जाण्याचा योग आला, तर माझी एवढीच विनंती: बागेत जावे, पाने पाहावीत, पण शिडीला हात न लावता दुकानातून एक गॅलन विकत घ्यावा. घरी आल्यावर तो मोठ्या पातेल्यात ओतून त्यात दालचिनीच्या दोन-तीन कांड्या, पाच-सहा लवंगा, आल्याचा तुकडा आणि संत्र्याची चकती टाकावी, मंद आचेवर अर्धा तास ठेवावे, उकळी फुटू देऊ नये. दरवळ दारापर्यंत पोहोचला की पाहुण्यांना आत घ्यावे. आपणच केला म्हणून सांगावे. कोणी विचारीत नाही. रिकामा डबा मात्र रद्दीच्या तळाशी ठेवावा, आणि त्या दिवशी घरात दूध तापवू नये.